महिन्याचा पाऊस सरासरीइतका, मग घरात पाणी कुठून आलं?

२०२३चा ऑगस्ट आठवतोय? त्या वर्षी श्रावण अधिक आला होता आणि पाऊस मात्र उणा. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही, आणि इतका तापलेलाही नाही. सोयाबीनने माना टाकल्या, विहिरींचं पाणी खाली गेलं, लोक पुढच्या वर्षाची चिंता करायला लागले.

मग सप्टेंबर आला. घरोघरी गणपती बसलेले असताना, २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, नागपुरात चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं आणि माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. शहराच्या भर वस्तीत बचावाच्या बोटी फिरल्या.

हंगाम संपल्यावर हिशेब लागला : देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस. कागदावर हे वर्ष ‘जरा कमी पावसाचं’ एवढंच दिसतं. ज्याचं पीक ऑगस्टात करपलं आणि ज्याचा फ्रिज सप्टेंबरात तरंगला, त्या दोघांनाही हा आकडा थट्टेसारखा वाटेल. तरी आकडा खोटा नाही. आपण त्याला जे विचारतो, त्याचं उत्तर त्याच्याजवळ नाही, एवढंच.

आधी मिलिमीटरचं बघू

‘शंभर मिलिमीटर पाऊस’ म्हणजे पडलेलं पाणी वाहून, मुरून, वाळून न जाता जागच्या जागी साचलं असतं, तर त्याची उंची शंभर मिलिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर भरली असती. घोट्यापर्यंत. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरात सुमारे चार हजार चौरस मीटर असतात. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की त्या एका एकरावर चार लाख लिटर पाणी पडतं. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. तसे चाळीस टँकर, एकाच एकरात रिकामे केलेले. गावाचं शिवार किती एकरांचं, तेवढ्याने गुणा. मग ओढा एका रात्रीत नदीसारखा का वागतो ते समजतं.

हा पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लागतो. यात एक गंमत आहे. सकाळी सातपासून दहापर्यंत धो धो कोसळला, तर त्याचे दोन तुकडे होऊन दोन तारखांना विभागले जातात, आणि दोन्ही दिवस ‘बऱ्यापैकी पाऊस’ एवढेच दिसतात. ढगाला आपलं कॅलेंडर कुठे माहीत असतं!

सरासरी कुणाची, किती वर्षांची?

हवामान खात्याची पावसाची सध्याची सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली आहे. त्या सरासरीच्या १९ टक्के वर किंवा १९ टक्के खाली, या पट्ट्यात कुठेही पाऊस बसला की एखाद्या जिल्ह्यापुढे किंवा विभागापुढे ‘सरासरीइतका’ असं लागतं. म्हणजे सरासरी २०० मिलिमीटर असेल, तर १६२ झाला तरी सरासरीइतका आणि २३८ झाला तरी सरासरीइतकाच. २० टक्के किंवा त्याहून जास्त घट झाली की ‘तुटीचा’ आणि तेवढीच वाढ झाली की ‘अधिक’.

आता जिल्ह्याची सरासरी म्हणजे कोणाची? साताऱ्याचंच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातला माण तालुका पाचशेच्या आसपास भागवतो. या दोघांची मिळून जी काही सरासरी येईल, ती ना महाबळेश्वरच्या कामाची, ना माणमधल्या म्हसवडच्या. आणि हे तर डोंगर आडवा आल्यामुळे झालं. मुंबईत २६ जुलै २००५ला डोंगरही आडवा नव्हता. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, जेमतेम ७३ मिलिमीटरची. कुलाब्यातल्या माणसाने त्या दिवशी ‘बरा पाऊस होता’ म्हटलं असतं तर ते खरंच होतं.

महिन्याच्या भाकरी एका पंगतीत

समजा दोन गावं आहेत. दोन्हीकडे सप्टेंबरात १५० मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या गावात तो पंधरा दिवसांत, रोज दहा-दहा मिलिमीटर असा पडला. दुसऱ्या गावात एका रात्रीत १३० आणि उरलेला कधीतरी शिंतोड्यांनी. महिन्याच्या तक्त्यात दोन्ही गावं शेजारी शेजारी, अगदी जुळी.

महिनाभराच्या भाकरी एका पंगतीत ताटात वाढल्या आणि उरलेले दिवस उपाशी ठेवलं, तर माणसाने महिन्याला खाल्लं किती याचा हिशेब तंतोतंत बरोबर येईल. पोट मात्र बिघडेल, आणि नंतर कळवळेलही. जमिनीचं पोट असंच आहे. ती ठरावीक वेगानेच पाणी पिते. त्याहून जोरात पडलेलं पाणी पिण्याऐवजी ती ओढ्याला देऊन टाकते, आणि जाताना ते पाणी वरची कसदार मातीही घेऊन जातं.

आपल्याकडच्या काळ्या मातीचं वागणं तर वेगळंच. उन्हाने तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून गटागटा आत जातो. पण ही माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि वरचा थर चिकट, बंद होतो. त्यानंतर पडलेला पाऊस जवळजवळ फरशीवर पडल्यासारखा. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी, वाफसाच न आलेल्या रानावर पडलेले ऐंशी मिलिमीटर आणि जूनमध्ये तहानलेल्या रानावर पडलेले ऐंशी मिलिमीटर हे दोन निराळे पाऊस आहेत. शेतकरी हे आधीपासून ओळखून आहे. त्याने पावसाला महिन्यात कधी मोजलंच नाही. मृगाचा, आर्द्रेचा, उत्तरेचा, हस्ताचा असे साधारण तेरा-चौदा दिवसांचे तुकडे करून तो बोलतो. भाकितं म्हणून नक्षत्रांवर माझा भरवसा नाही, पण हिशेबाची वही म्हणून ती महिन्यापेक्षा बारीक रेघांची आहे, हे मान्य करावं लागतं.

पण उकाडा आणि पाऊस एकाच महिन्यात कसे?

‘एवढा पाऊस झाला तर महिना थंड हवा होता ना?’ हा प्रश्न नेहमी येतो. दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली म्हणजे माठाची. ओला माठ गार राहतो, कारण त्याच्या अंगावरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. कोरडा पडलेला माठ उन्हात नुसता तापतो. पावसात खंड पडला की जमिनीचा माठ कोरडा होतो. मग ऊन पाणी वाळवण्यात खर्ची पडत नाही, थेट जमीन आणि हवा तापवतं. २०२३च्या ऑगस्टात एकाच महिन्याला कोरडेपणा आणि उष्णता हे दोन्ही विक्रम मिळाले, त्यामागे मोठा हात याचाच.

दुसरी गोष्ट रात्रीची. महिन्याचं सरासरी तापमान काढताना दुपारचं कमाल आणि पहाटेचं किमान अशी दोन्ही घेतात. ढगाळ दिवसात दुपार सौम्य असते, पण रात्री तेच ढग गोधडीसारखे पांघरले जातात आणि जमिनीची उष्णता वर निसटू देत नाहीत. पहाटेचा पारा उतरतच नाही. त्यामुळे धो धो पावसाचा महिनादेखील तक्त्यात ‘सरासरीपेक्षा उष्ण’ ठरू शकतो. अंगाला जाणवतं ते आणखी वेगळं : हवेत बाष्प भरलेलं असताना घाम वाळत नाही, आणि तीस अंशालाही जीव नकोसा होतो.

सात टक्क्यांनी असं काय बिघडतं?

हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प राहू शकतं. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे, त्यात मतभेद नाहीत. मतभेद होतो तो पुढे. ‘शंभराचा पाऊस एकशे सात होईल, त्याने काय मोठं आभाळ कोसळणार?’

असं बघा. अंगणातला रांजण मोठा केला. नळाची धार तीच. रांजण भरायला आता जास्त वेळ लागेल, म्हणजे तोवर कोरडे दिवस जास्त. पण तो उपडा झाला की पडणारं पाणीही जास्त. तापलेल्या हवेचं असंच होतं : ती जमिनीतला ओलावा जास्त शोषते, जास्त काळ साठवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. लांबलेली उघडीप आणि मग एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस, या दोन परस्परविरुद्ध बातम्या नव्हेत. एकाच रांजणाच्या दोन गोष्टी आहेत.

शिवाय ढग पाणी फक्त आपल्या डोक्यावरच्या हवेतून घेत नाही. आजूबाजूच्या मोठ्या परिसरातलं बाष्प तो ओढून आणतो. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने ढग आणखी वर चढतो आणि आणखी बाष्प ओढतो. आपल्या पश्चिमेला अरबी समुद्र तापतो आहे. तिथून येणाऱ्या वाऱ्याची झोळी भरलेली असते, आणि वाटेत सह्याद्री उभा आहेच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात, दूरवर पसरलेल्या अतितीव्र पावसाच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. त्याच पट्ट्यातला हंगामाचा एकूण पाऊस मात्र कमी होत आलेला. एकूण बेरीज घटते आणि तडाखे वाढतात, हे महिन्याच्या आकड्यात दिसणार तरी कसं?

पाऊस पडतो एकीकडे, पूर येतो दुसरीकडे

जुलै २०२१च्या २२-२३ तारखेला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माण तालुक्याला अख्ख्या वर्षात मिळतो त्याहून जास्त, एका दिवसात. या डोंगरावर पडलेलं पाणी दोन वाटांनी जातं. पश्चिमेला उतरलेलं पाणी सावित्रीतून महाडला येतं. कोकणातल्या नद्या आखूड आणि सह्याद्रीचा कडा उभा, त्यामुळे डोंगरावरचा पाऊस काही तासांत बाजारपेठेत हजर. त्याच दिवशी थोडं दक्षिणेला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. सामान वर चढवायलाही सवड मिळाली नाही.

पूर्वेला उतरलेलं पाणी कोयना-कृष्णेच्या वाटेने रमतगमत सांगलीकडे निघतं. सांगलीकर म्हणूनच ‘पाऊस किती झाला’ हे विचारतच नाहीत. ते विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन पुलाशी चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, आणि ते दिवसचे दिवस तिथेच राहिलं. सांगलीत ऊन पडलेलं असताना पाणी चढतं, कारण त्याचा पाऊस दोन दिवसांपूर्वी दुसऱ्याच तालुक्यात पडून गेलेला असतो. तुमच्या गावच्या पर्जन्यमापकात तो कधी येणारच नाही.

धरणं कशाला बांधली मग?

धरणावर दोन कामांचं ओझं असतं, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पुढच्या उन्हाळ्यासाठी ते भरलेलं हवं. पुरासाठी ते रिकामं हवं. म्हणून जून-जुलैत थोडी जागा राखत, हळूहळू भरत नेण्याचं वेळापत्रक प्रत्येक मोठ्या धरणाला असतं. सप्टेंबरअखेर ते जवळपास काठोकाठ असणं हेच यश. आणि नेमका तेव्हा मोठा पाऊस आला, तर धरणात आलेलं पाणी जसंच्या तसं खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

छोट्या धरणाचा हिशेब तर पाच मिनिटांत घरी करता येतो. पुण्याच्या खडकवासल्याची साठवण सुमारे दोन टीएमसी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. वरून ३५ हजार क्युसेकने पाणी येत असेल, तर पूर्ण रिकामं खडकवासलाही पंधरा-सोळा तासांत भरेल. तिथे ‘आधीच सोडायला हवं होतं’ या वाक्याला मर्यादा आहेत. पण त्या मर्यादेआडून ‘किती वाजता, किती सोडणार’ हे खालच्या वस्तीला वेळेवर न सांगण्याची सवय लपवली जाते, ती मला मान्य नाही. पाणी अडवता येत नसेल, पण रात्री दोन वाजता भोंगा वाजवता येतोच.

पूर तर पूर्वीही यायचे

यायचेच. एका पुरावर बोट ठेवून ‘हा हवामानबदलाचा’ म्हणणं घाईचं आहे, आणि एका थंड जानेवारीवरून ‘कसला बदल’ म्हणणंही तितकंच. दशकांचा कल बघावा लागतो, आणि तो कल वर आला तसा आहे. सगळं आभाळाच्या माथी मारणंही सोयीचं असतं, हेही खरं. ओढ्यावर भराव टाकून प्लॉट पाडले, नाल्याला भिंतीत कोंबून काटकोनात वळवला, पूररेषा नकाशावर सरकवली, तर चाळीस वर्षांपूर्वी निमूट वाहून गेलेला पाऊसदेखील आज दारात येतो. वाढलेला पाऊस आणि घटलेली वाट, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

सरकारदरबारी हे कुणाला कळतं का?

थोडंफार. शेतीच्या नुकसानीसाठी ‘अतिवृष्टी’ म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. पण रोज थोडा थोडा, दिवसचे दिवस पडून मुळं कुजवणारा पाऊस या व्याख्येत बसायचा नाही. २०२३मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा आपत्ती मानली : सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर, आणि आणखी काही अटी. म्हणजे पाऊस किती यापेक्षा तो कसा पडला हे महत्त्वाचं, हे कागदावर तरी आलं.

अडचण उरते ती मापकाची. एका मंडळात अनेक गावं आणि मापक बहुधा एक. माझे एक मामा परांड्याकडे असतात. सप्टेंबर २०२५मध्ये सीना आणि तिच्या उपनद्या फिरल्या, माढा-करमाळ्यापासून परांड्यापर्यंत रानंच्या रानं खरडून गेली, त्याच्या बरीच वर्षं आधीपासून ते घरी पाऊस मोजतात. तेलाचा सरळ भिंतींचा पत्र्याचा डबा, वरून नीट कापलेला, झाडापासून आणि पन्हाळीपासून दूर, दोन विटांमध्ये घट्ट बसवलेला. सकाळी चहाच्या आधी शाळेची स्टीलची पट्टी उभी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं, डबा पालथा करायचा. भिंती सरळ असल्या की डब्याच्या तोंडाचा आकार कितीही असो, पट्टीवर येतं ते थेट मिलिमीटरच. पट्टीवर शून्याच्या आधी कोरी जागा असेल तर तेवढी आलेल्या आकड्यात मिळवायची.

वही दाखवायला सांगितली. जुन्या पानांवर दोनच रकाने आहेत, तारीख आणि पाऊस. त्या सप्टेंबरनंतरच्या पानावर त्यांनी पट्टीने तिसरी रेघ मारली आहे आणि वर लिहिलंय : ‘किती तासात’.